१९९४ची मियाटा: रेडिएटर बदलायचाय, कोणता घ्यावा?

वऱ्हाडी वाळवंटात

मंडळी, सल्ला हवाय. गाडी १९९४ची माझदा मियाटा, १.८ लिटर, मॅन्युअल गिअर. मुक्काम फिनिक्स, ॲरिझोना. रेडिएटर बहुधा कंपनीतून आला तोच आहे. वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते, ती आता पार बदामी पडली आहे. टाकी आणि जाळी जिथे जोडलेली असते, म्हणजे ॲल्युमिनियमची कड दुमडून टाकी आवळलेली असते, तिथे एका कोपऱ्यात हिरवट-पांढरा खार धरलाय. पुसला की काही दिवसांत परत येतो. खाली थेंब पडलेला कधी दिसत नाही, पण बाजूच्या बाटलीतली कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी हळूहळू उतरते आहे. तापमानाचा काटा मात्र कायम मधोमध.

वापर असा: रोज ऑफिसला, उन्हाळ्यात एसी लावून. २०२३च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता, त्यावरून कल्पना करा. सुट्टीच्या दिवशी आय-१७ ने फ्लॅगस्टाफला जातो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आत, फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर, त्यामुळे चढ भरपूर. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेत नाही आणि नेणारही नाही.

पर्याय तीन दिसतायत. एक, स्वस्तातला प्लास्टिक टाकीवाला. दोन, नावाजलेल्या कंपनीचा तसाच, मूळ मापाचा. तीन, सगळाच्या सगळा ॲल्युमिनियमचा. त्यातही ३६ मिमीच्या आसपास जाडीची जाळी आणि ५३ मिमीची जाळी असे दोन प्रकार आहेत. इथला मेकॅनिक म्हणतो, सगळ्यात जाड घे, विषय संपव. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगता येत नाही. गाडी विकायची नाही. माझ्या मुलीने हिच्यावरच क्लच शिकावा अशी इच्छा आहे, म्हणून नीट करायचंय.

मुक्काम डेट्रॉइट

पहिलं काम म्हणजे निवड होईपर्यंत घाटाचा रस्ता बंद ठेवा. शहरात, जवळपास, काट्यावर नजर ठेवून चालवा.

टाकीचं प्लास्टिक म्हणजे काचतंतू मिसळलेलं नायलॉन. रोज नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापायचं, रात्री गार व्हायचं, असं तीस वर्षं चाललं की नायलॉनच्या साखळ्या तुटत जातात, लवचिकपणा जातो आणि ते काचेसारखं कडक होतं. रंग बदलणं ही त्याचीच खूण. मियाटावाल्यांत हे सर्वश्रुत आहे: टाकी तपकिरी झाली की रेडिएटरचे दिवस भरले. ती नुसती हळूहळू गळत राहत नाही. बहुतेक वेळा वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाजवळ किंवा कडेच्या जोडावर एकदम चीर जाते आणि दाबाखालचं सगळं कूलंट मिनिटाभरात बाहेर येतं. हायवेवर ते लक्षात येईपर्यंत उशीर होतो, कारण या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड, म्हणजे त्याचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, की रेडिएटरच्या कितीतरी पट खर्च.

आणि तो खार म्हणजे गळतीच आहे. गरम जाळीवर पाणी उडून जातं, रसायनं मागे राहतात, म्हणून खाली थेंब दिसत नाही.

निळी मियाटा

माझी १९९६ची आहे, कॅलिफोर्नियात. लगुना सेका आणि इतर ट्रॅकवर नियमित नेते. माझ्या गाडीत कोयो कंपनीचा ५३ मिमीचा, सगळा ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याने मला कधीही दगा दिलेला नाही. वीस मिनिटं सतत वरच्या आरपीएमला इंजिन पळत असताना मला प्रत्येक मिलिमीटर हवा असतो. माझं मत सरळ आहे: परवडत असेल तर ॲल्युमिनियमच. प्लास्टिक पुन्हा कधीतरी तपकिरी होणारच.

काट्यावर मात्र अजिबात विसंबू नका. माझदाने तो मुद्दाम तसा बनवलाय. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध चिकटून बसतो आणि हलतो तेव्हा इंजिन आधीच तापलेलं असतं. तुमची ९४ची, म्हणजे १९९६च्या आधीची, त्यामुळे ओबीडी-२ (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची जोडणी) नाही. मोबाइलला जोडून खरं तापमान वाचायची सोय नाही. वेगळा मीटर बसवा. रेडिएटर कोणताही घ्या, पण हे आधी करा.

तापगतिक

धागाकर्त्याला जाड जाळी का पटत नाहीये याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. उष्णता विनिमयाची उपकरणं डिझाइन करणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे जरा लांबेल.

रेडिएटरमध्ये उष्णतेची अडवणूक पाण्याच्या बाजूला फारशी होत नाही. ती होते हवेच्या बाजूला. म्हणून खरा प्रश्न जाळीतून दर सेकंदाला किती हवा जाते आणि ती किती गार असते, एवढाच.

आकडे मांडून बघा. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरू. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाहेर २० अंश, म्हणजे फरक ७५. फिनिक्सच्या दुपारी बाहेर ४५, फरक ५०. तोच रेडिएटर, तोच वेग, पण उष्णता टाकायची ताकद दोन तृतीयांशच उरली. आता एसी लावा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो, म्हणजे हवा आधी तिथे तापते आणि मग रेडिएटरला मिळते. ती दहा अंशांनी तापली असं धरलं तर फरक ४०. पुण्याच्या सकाळच्या जेमतेम निम्मी ताकद. वर चढ. फ्लॅगस्टाफच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ, म्हणजे पंख्यातून तितक्याच घनफळाची हवा गेली तरी वजनाने कमी. त्यामुळे मूळ मापापेक्षा थोडी जास्त क्षमता असावी हे मान्य. तुमचा मेकॅनिक तिथवर बरोबर आहे.

पण जाडी दुप्पट केली म्हणून ताकद दुप्पट होत नाही. हवा जाळीच्या पुढच्या भागात शिरते तेव्हा गार असते, मागे पोचेपर्यंत तापलेली असते. मागच्या मिलिमीटरना उरलंसुरलं मिळतं. वर जाळी जाड झाली की हवेला वाट अवघड होते आणि हवा सोप्या वाटेने जाते: रेडिएटरच्या बाजूने, वरून, खालून. वेग जास्त असताना पुढून येणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ट्रॅकवर जाड जाळीतूनही हवा घुसते. निळी मियाटा यांचा अनुभव म्हणूनच खरा आहे. पण सिग्नलला उभ्या गाडीत फक्त पंखा आहे. मियाटाच्या पंख्यांना ५३ मिमीच्या जाळीतून हवा ओढायची म्हणजे जड काम. तुमची गाडी सर्वांत जास्त तापणार ती ऑफिस सुटल्यावर, ४५ अंशांत, एसी लावून, रांगेत उभी असताना. त्या क्षणासाठी रेडिएटर निवडा.

माझं मत: ३६ मिमीच्या आसपासचा, सगळा ॲल्युमिनियमचा, मूळचे पंखे आणि त्यांची आवरणं जशीच्या तशी बसतील असा.

निळी मियाटा

@तापगतिक, ट्रॅकपुरतं माझं मत कायम आहे. पण उभ्या गाडीचा मुद्दा मान्य. मी उन्हाळ्यात रांगेत अडकते तेव्हा तापमान चढतं हे मलाही दिसतं, आणि माझ्या गाडीत एसी मुळी नाहीच, काढून टाकलाय.

यात एक भर घालते. या इंजिनाची एक जन्मजात अडचण आहे. ते मुळात माझदा ३२३ सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आडवं बसायचं. तिथे पाणी पंपाच्या बाजूने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मियाटात इंजिन उभं बसवलं आणि मागे जागा नाही म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) पुढे आणला. आता पाणी पुढूनच शिरतं आणि मुख्यतः पुढूनच बाहेर पडतं. चौथा सिलिंडर, म्हणजे केबिनकडच्या भिंतीलगतचा, सगळ्यात गरम राहतो. ट्रॅकवाले म्हणूनच पाण्याची वाट बदलून बाहेर पडायचं तोंड मागे नेतात. रोजच्या वापराला त्याची गरज नाही. पण रेडिएटर कितीही मोठा केला तरी ही अडचण सुटत नाही, हे ध्यानात असू द्या.

कोकणकडा

वाचतोय, फार छान चर्चा. एक बाळबोध प्रश्न: उष्णता वाहून न्यायला तांबं ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी सरस. मग तांब्याचे रेडिएटर का गेले? आमच्या पद्मिनीला तांब्या-पितळेचाच होता.

गॅरेजकाका

कोकणकडा, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. माझी हयात पुण्यात रेडिएटरच्या कामात गेली, तेव्हा याचं उत्तर मी देतो.

तांबं सरस, यात वाद नाही. पण जुन्या रेडिएटरमध्ये फक्त पाकळ्या, म्हणजे नळ्यांमधले पातळ पत्रे, तांब्याच्या. नळ्या पितळेच्या आणि सगळे जोड डाखाचे, म्हणजे शिसं-कथलाचे. पितळ आणि डाख दोन्ही उष्णता वाहण्यात तांब्याच्या जवळपासही नाहीत. शिवाय तांबं जड, म्हणून नळ्या अरुंद आणि पातळ ठेवायच्या, आणि अरुंद नळ्यांच्या तीन-चार रांगा लावायच्या. ॲल्युमिनियम हलकं आणि नळी म्हणून ताठ, त्यामुळे नळी चांगली रुंद करता येते. रुंद नळीच्या दोन रांगा जुन्या चार रांगांचं काम करतात, कारण पाकळीला चिकटायला सलग जागा जास्त मिळते. शेवटी भट्टीत एकसंध जोडणी होते, मध्ये डाख नाही. एवढ्यात तांब्याचा फायदा संपतो.

पण तांब्या-पितळेचा एक गुण आजही कशात नाही: तो दुरुस्त होतो. टाकी उघडायची, नळ्यांतून सळई फिरवून गाळ काढायचा, फुटकी नळी डाखायची, टाकी परत बसवायची, पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरून बुडबुडे बघायचे. पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, जुन्या जीप, सगळ्या अशाच जगल्या. प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला आम्ही एपॉक्सी लावून लोकांना घरापर्यंत पोचवलंय, पण ती दुरुस्ती नव्हे. वऱ्हाडीभाऊ, तुमचा खार आलेला जोड पुन्हा आवळून द्या असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. आतलं रबर आणि टाकी दोन्ही संपलंय.

आता नवीन घेताना हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो. फोटोवरून रेडिएटर कळत नाही.

पाकळ्या आणि नळीचा जोड बघा. विजेरी मागून धरा आणि तिरपं बघा. पाकळी प्रत्येक नळीला दोन्ही बाजूंनी पूर्ण चिकटलेली हवी. स्वस्त मालात मध्येच पाकळ्या सुट्या असतात, बोट फिरवलं की हलतात. सुटी पाकळी म्हणजे नुसती हवेला अडचण, उष्णता काही नेत नाही. जाडी कितीही असो, हा जोड चांगला नसेल तर तो रेडिएटर फुकटही घेऊ नका.

मग टाकीचं वेल्डिंग. ॲल्युमिनियमचा सगळ्यात कमजोर भाग म्हणजे टाकी आणि जाळीचा सांधा, विशेषतः चारही कोपरे. वेल्ड एकसारखा, लाटा-लाटांचा हवा. घासून गुळगुळीत केलेला असेल तर मला शंका येते, कारण घासताना धातू कमी होतो. ॲल्युमिनियम ताठ असतं, प्लास्टिकसारखं लवत नाही, म्हणून बसवताना रबरी बुश नवीन घ्या आणि बोल्ट मरेस्तोवर आवळू नका. गाडीच्या सांगाड्याचा पीळ थेट रेडिएटरवर आला की कोपऱ्यात तडा जातो. दोष बनवणाऱ्याला दिला जातो, पण तो असतो बसवण्यात.

होज लागतात त्या तोंडांना बाहेरून गोल उंचवटा आहे ना बघा. तो नसला की दाबाने होज निसटतो. झाकणाची जागा सपाट हवी. पंख्याच्या बोल्टची भोकं जुन्या रेडिएटरवर ठेवून जुळवा, गाडीत चढवल्यावर नाही. मॅन्युअल गाडीसाठी घेताय पण ऑटोमॅटिकचा मिळाला, तर खालच्या टाकीत गिअर तेलाची दोन तोंडं असतील. त्यांना टोप्या लावून टाका, बिघडत काही नाही.

मुक्काम डेट्रॉइट

गॅरेजकाका, दंडवत! पाकळ्यांचा मुद्दा मी शंभर टक्के उचलून धरतो. प्लास्टिक टाकीच्या बाजूने मात्र एक सांगायला हवं: चांगल्या कंपनीचा, मूळ मापाचा प्लास्टिक टाकीवाला वाईट पर्याय नाही. पहिल्याने तीस वर्षं काढली. धागाकर्त्याचं बजेट आखडलं तर जाड पण कच्च्या ॲल्युमिनियमपेक्षा पक्का प्लास्टिकवाला केव्हाही घ्यावा.

पणजीकर

जरा अवांतर, पण विषयाला धरून. आमच्या गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची स्पोर्ट्स कार बनवली होती, रेनोचं १.२ लिटर इंजिन असलेली. मित्राकडे एक आहे. मियाटाला निदान दहा कंपन्यांचे रेडिएटर मिळतात. अशा गाडीला तयार रेडिएटर मागायचा तर काय म्हणून मागायचा?

गॅरेजकाका

पणजीकर, गाडीचं नाव घेऊन दुकानात जाऊच नका, मापं घेऊन जा. जाळीची उंची, रुंदी, जाडी. दोन्ही होजच्या तोंडांचा बाहेरचा व्यास आणि ती कोणत्या बाजूला आहेत ते. झाकण रेडिएटरवर आहे की बाटलीवर. पंख्याचा स्विच रेडिएटरमध्ये असेल तर त्याची आटी. पाणी वरून खाली जातं की आडवं. एवढं कागदावर काढलं की इतर छोट्या गाड्यांच्या रेडिएटरमधून जवळचा निवडता येतो आणि गाडीला बसवायचे कान तेवढे नवे बनवावे लागतात. जाळी मूळ मापापेक्षा लहान मात्र घेऊ नका. जुनी टाकी पितळेची निघाली तर देवच पावला, नुसता कोअर (जाळी) बदलून घ्या.

वऱ्हाडी वाळवंटात

सगळ्यांचे मनापासून आभार. गॅरेजकाका, तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये लावलाय. तापगतिक, ४० विरुद्ध ७५ हा हिशोब मेकॅनिकलाही दाखवला, त्यालाही पटला.

आज गाडी उचलून खालून पाहिली. पुढच्या बंपरपासून मागे जाणारं खालचं प्लास्टिकचं आवरण जागेवर नाहीच! आधीच्या कुणीतरी काढून टाकलं असावं. वरच्या बाजूला रेडिएटर आणि पत्र्यामधली फोमची पट्टीही भुगा झालीय. याचा कितपत फरक पडतो?

तापगतिक

फार मोठा. नशीब, तुम्ही पाहिलंत. मियाटाचं नाक बुटकं, तोंड खाली. पुढून आलेल्या हवेला खाली पळायला वाट मोकळी असेल तर ती जाळीतून कशाला जाईल? ते आवरण पुढचा जास्त दाब आणि गाडीखालचा कमी दाब वेगळे ठेवतं. ते नसेल तर हायवेवर तापमान चढतं आणि सिग्नलला उतरतं, असं उलटं वागणं दिसतं. आवरण आधी मिळवा, नवीन नाही तर भंगारातल्या गाडीचं. फोम नवा लावा. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या फटीही बंद करा. हे सगळं न करता ५३ मिमी घातला असता तर पैसे हवेत गेले असते, अगदी शब्दशः.

निळी मियाटा

+१. खालचं आवरण नसलेल्या इतक्या मियाटा पाहिल्यात! तेल बदलताना काढतात आणि परत लावत नाहीत. रेडिएटर घेताना १९९० ते ९७ साठीचा आहे ना, बघून घ्या. त्यानंतरच्या पिढीचा वेगळा असतो.

वऱ्हाडी वाळवंटात

ठरलं. ३६ मिमीचा, सगळा ॲल्युमिनियमचा मागवतो, आला की विजेरी लावून तपासणार आणि पाकळ्या सुट्या दिसल्या तर परत पाठवणार. आवरण इथल्याच एका भंगारवाल्याकडे मिळतंय. तापमानाचा वेगळा मीटरही घेतोय. सोबत काय काय बदलू? आणि पाणी कोणतं भरू? इथलं नळाचं पाणी अतिशय जड आहे.

मुक्काम डेट्रॉइट

वरचा-खालचा होज, हीटरचे होज, थर्मोस्टॅट, झाकण. झाकणाला कुणी मोजत नाही, पण पाणी उकळू न देण्याचं अर्धं काम तेच करतं. साधारण १ बारचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला १२० अंशांपर्यंत उकळत नाही. डोंगरावर बाहेरचा दाब कमी, म्हणून तिथे झाकणाची स्प्रिंग थकलेली असून चालणार नाही. पुस्तिकेत दिलाय त्याच दाबाचं घ्या, जास्त दाबाचं घेऊन जुन्या हीटर कोअरची (केबिनच्या हीटरमधल्या छोट्या रेडिएटरची) परीक्षा पाहू नका. पाण्याचा पंप अल्टरनेटरच्या बेल्टवर चालतो, पण तो बदलायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो, तेव्हा टायमिंग बेल्टची वेळ आली असेल तर दोन्ही एकत्र करा.

नळाचं पाणी अजिबात नको, चुना थेट नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि जपानी गाड्यांसाठीचं सिलिकेट नसलेलं, फॉस्फेटवालं कूलंट, निम्मं-निम्मं. फिनिक्सला गोठायची भीती नाही, पण फ्लॅगस्टाफला हिवाळ्यात आहे, आणि कूलंट मुख्यतः गंज अडवण्यासाठी लागतं. सगळ्या यंत्रणेत ६ लिटर मावतं. जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, चवीला गोड आणि जहरी असतं. घरात कुत्रं असेल तर जास्तच जपा.

गॅरेजकाका

थर्मोस्टॅटच्या चकतीवर एक हलणारी बारीक पिन असते, ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते. भरताना गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. इंजिन चालू ठेवून वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा परत भरा. मग झाकण लावा, एसी सुरू करा आणि पंखा लगेच फिरतो का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पुन्हा पातळी बघा. थोडी उतरलेली असणार, तेवढी भरा. त्यानंतरही रोज उतरत राहिली तर इथे लिहा, पुढचं बघू.